बेताच्या पैशातला संगणक

दहावी-बारावीचे निकाल लागले, म्हणजे तालुक्याच्या गावांतील संगणकाच्या दुकानांत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. वडील असतात, त्यांच्यासोबत मुलगा किंवा मुलगी असते आणि ‘ह्यातले कळणारा’ म्हणून बरोबर आणलेला शेजारचा एखादा तरुण असतो. पैसे पतसंस्थेच्या कर्जाचे असतात, भिशीचे असतात, नाही तर सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढून ठेवलेले असतात. दुकानदार कागदावर कोटेशन लिहून देतो. त्या कागदाची पहिली ओळ प्रोसेसरची असते आणि सारी बोलणी त्या ओळीभोवतीच फिरतात. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही चढती श्रेणी आता खेड्यापाड्यांतही पाठ झाली आहे. तीन घ्यावा की पाच, एवढाच काय तो प्रश्न उरतो. आणि पाचाला पैसे पुरत नसले, तर मुलाच्या शिक्षणात आपण काही उणे ठेवले, अशी रुखरुख घेऊन बाप घरी जातो.

ही रुखरुख अनाठायी आहे. बाजाराला मात्र ती फार सोयीची आहे.

वास्तविक ह्या कुटुंबाला संगणक कशासाठी हवा असतो? महाडीबीटीच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असतो, महाविद्यालयाचे प्रकल्प मराठीत वा इंग्रजीत टंकित करावयाचे असतात, ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने पाहावयाची असतात. मुलगी संगणकशास्त्राला गेली, तर सी किंवा पायथनचे धडे गिरवावयाचे असतात. वडील एखाद्या सोसायटीचे सचिव असले तर तिचे हिशेब, आई बचत गटात असली तर गटाची नोंदवही, हेही हळूहळू त्याच यंत्रावर येऊन बसते. ह्या कामांपैकी एकालाही आजचा मधल्या वा वरच्या दर्जाचा प्रोसेसर लागत नाही. चार गाभ्यांचा, म्हणजे बाजारभाषेत चार कोरचा, अलीकडील वर्षांतला कोणताही प्रोसेसर ही कामे करून वर बराच वेळ रिकामा बसतो. यंत्र अडते ते दुसरीकडेच. आजची संकेतस्थळे अवाढव्य झाली आहेत. ब्राउझरमध्ये दहा पाने उघडी ठेवली की ४ जीबी रॅम अपुरी पडते आणि ८ जीबी जेमतेम पुरते. साठवणुकीसाठी जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असली, तर उत्तम प्रोसेसरही तिची वाट पाहत ताटकळतो. जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी साधी एसएसडी बसविली की तोच संगणक नवा झाल्यासारखा वाटतो, हा अनुभव दुरुस्ती करणारा कोणताही कारागीर सांगेल. म्हणून बेताच्या पैशांत संगणक घेणाऱ्याने प्रोसेसरवरचा खर्च आवरून तो पैसा रॅम आणि एसएसडीकडे वळवावा, हे पहिले सूत्र होय. ज्यांना चित्रफितींचे संपादन करून पोट भरावयाचे आहे किंवा त्रिमिती आरेखने करावयाची आहेत, त्यांची गोष्ट निराळी. पण अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला म्हणजे पहिल्याच वर्षी तसे यंत्र घरात हवे, हा समज कोणी पसरविला हे शोधू गेल्यास बोट बहुधा जाहिरातीकडेच जाईल.

आता त्या तीन, पाच आणि सातांकडे वळू. हे आकडे प्रोसेसरची ताकद सांगतात, असा सार्वत्रिक समज आहे. ते फार तर एका विशिष्ट वर्षीच्या मालातील उतरंड सांगतात. इंटेलचा आय-सेव्हन-२६०० हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये आला. चार गाभे, आठ थ्रेड. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री-१२१०० मध्येही चार गाभे आणि आठच थ्रेड आहेत. मात्र एकेका गाभ्याच्या कामाचा वेग पाहिला तर हा ‘तीन’ त्या ‘साता’च्या सुमारे दुपटीने पुढे आहे. तरीही जुन्या संगणकांच्या जाहिरातींत ‘आय-सेव्हन संगणक, अत्यंत स्वल्प दरात’ असे ठळक छापले जाते; तो कितव्या पिढीचा, हे छापले जात नाही, आणि घेणारा सात ह्या आकड्याला पैसे मोजतो.

ह्याच्या उलट प्रकारही होतो. आय-थ्री-१२१०० च्या पाठोपाठ २०२३ मध्ये १३१०० आणि २०२४ मध्ये १४१०० आला. नावात दोनदा बढती झाली. गाभे चारच, थ्रेड आठच, आराखडाही जवळजवळ तोच राहिला. कमाल वेग तेवढा ४.३ गिगाहर्ट्‌झवरून ४.५ आणि मग ४.७ वर गेला. अर्ज भरणाऱ्या मुलीला हा फरक उभ्या जन्मात जाणवणार नाही. तेव्हा बारावी पिढी ‘जुनी झाली’ म्हणून दुकानदार चौदावी गळ्यात घालू लागला आणि किमतीत लक्षणीय फरक असला, तर बिनदिक्कत बाराव्या पिढीचा घ्यावा. एएमडीही ह्यात मागे नाही. तिचा रायझन-३-३२००-जी २०१९ मध्ये तीन हजारांच्या मालिकेचे नाव लावून आला. पण त्याच्या आतील आराखडा आधीच्या दोन हजारांच्या मालिकेचा होता. त्याच मालिकेतील बहुतेक इतर डेस्कटॉप प्रोसेसर नव्या आराखड्याचे, आणि स्वस्तातले हे भावंड मात्र जुन्या. गरिबाच्या पोराला थोरल्याचा सदरा घालावा, त्यातला हा प्रकार.

अक्षरांचेही असेच आहे. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असले, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र पडद्यावर आणणारा भाग बंद असतो. आय-थ्री-१२१००-एफ त्यामुळे थोडा स्वस्त मिळतो. पण त्यावर संगणक चालवावयाचा तर निराळे ग्राफिक्स कार्ड घेणे भाग पडते, आणि वाचलेल्या पैशांच्या कित्येक पट पैसे त्यात जातात. एएमडीचा रायझन-५-५५०० हाही असाच; त्यात चित्राची सोयच नाही. स्वस्त म्हणून नुसता प्रोसेसर मागवला, घरी जोडणी केली आणि पडदा काळाच राहिला, असे घडते ते ह्यामुळे. इंटेलच्या मालात शेवटी ‘एफ’ नसलेला आणि एएमडीच्या स्वस्त मालात बहुशः शेवटी ‘जी’ असलेला प्रोसेसर घ्यावा, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

हा ‘एफ’ अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर एकाच श्रमाने, एकाच खर्चाने शेकडो तुकडे कोरले जातात. त्यांतल्या एखाद्या तुकड्यातला काही भाग सदोष निघाला, तर तेवढा भाग बंद करून तो तुकडा खालच्या नावाने विकतात. हे समजण्यासारखे आहे, त्याने नासधूसही टळते. पण खालच्या मालाला मागणी अधिक असेल तेव्हा निर्दोष तुकड्यांतले भागही बंद करून विकण्याची ह्या उद्योगात जुनी वहिवाट आहे. एएमडीचा सहा गाभ्यांचा रायझन-५-५६००-एक्स आणि आठ गाभ्यांचा ५८००-एक्स हे एकाच आठ गाभ्यांच्या तुकड्यापासून होतात. म्हणजे स्वस्त प्रोसेसर हा पुष्कळदा कमी खर्चात तयार झालेला माल नसतो. महाग मालाचा एखादा दरवाजा कुलूप लावून बंद केलेला तो असतो. किंमत उत्पादनखर्चावर ठरते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

मग खरी स्वस्ताई येते कधी? ह्याचे उत्तर गेल्या साडेचार दशकांच्या इतिहासात आहे. आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी इंटेलचा ८०८८ निवडला. परंतु एकाच पुरवठादारावर विसंबून राहावयाचे नाही, हा तिचा आग्रह होता. त्यामुळे १९८२ मध्ये इंटेलला आपले आराखडे एएमडीला वापरू द्यावे लागले. पुढे ३८६ च्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला, वर्षानुवर्षे खटले चालले आणि १९९१ मध्ये एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणला. आज घरगुती डेस्कटॉपसाठी मुख्यत्वे ह्या दोनच घराण्यांचा माल मिळतो, त्याचे मूळ ह्या कराराशी आणि ह्या भांडणाशी आहे. १९९८ मध्ये एएमडीच्या स्वस्त प्रोसेसरांनी खालचा बाजार पोखरू लागताच इंटेलने सेलेरॉन आणला. पहिल्या सेलेरॉनमधून दुय्यम कॅशे पार काढून टाकली होती. तो इतका मंद ठरला की काही महिन्यांतच १२८ केबी कॅशेचा ‘३००-ए’ आणावा लागला. हा ३००-ए इतका उत्तम निघाला की हौशी लोक त्याला ४५० मेगाहर्ट्‌झवर पळवून महागड्या पेंटियम-टूशी बरोबरी साधू लागले. गरिबाच्या मालात चुकून चांगली वस्तू आल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण म्हणावयाचे.

पुढचा अध्याय असा गमतीचा नाही. संगणक बनविणाऱ्या कंपन्यांना सवलती देऊन एएमडीचा माल बाहेर ठेवला, ह्या कारणावरून युरोपीय आयोगाने मे २००९ मध्ये इंटेलला १.०६ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. त्याच वर्षी इंटेलने एएमडीशी तडजोड करून सव्वा अब्ज डॉलर दिले. युरोपातला तो दंड न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला आणि २०२३ मध्ये आयोगाने त्यातील काही कृत्यांसाठी सुमारे ३७.६ कोटी युरोंचा नवा दंड बसविला. कज्जे अजून रेंगाळलेच. ह्या सगळ्या काळात एएमडीचा माल दुबळा पडला होता आणि सामान्य ग्राहकाच्या पदरी काय पडले ते पाहावे: इंटेलचा डेस्कटॉपवरचा आय-थ्री २०१७ पर्यंत दोनच गाभ्यांचा राहिला. मार्च २०१७ मध्ये एएमडीचा रायझन आला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आय-थ्री-८१०० एकदम चार गाभ्यांचा झाला. सात महिन्यांत विज्ञानाने अशी कोणती झेप घेतली होती? स्पर्धक उभा राहिला होता, एवढेच.

ह्यावरून एएमडी ही गरिबांची कैवारी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही फसेल. नोव्हेंबर २०२० मध्ये तिचा हात वर होताच तिने पाच हजारांच्या मालिकेतला किरकोळीत मिळणारा सर्वांत स्वस्त प्रोसेसर २९९ डॉलरांना विकावयास काढला. खालच्या किमतीचे ५६०० आणि ५५०० यावयास एप्रिल २०२२ उजाडला, म्हणजे इंटेलचे १२१०० आणि १२४०० जानेवारीत येऊन गिऱ्हाईक ओढू लागल्यावर. दोन पहिलवानांच्या कुस्तीत प्रेक्षकाच्या अंगावर चार फुले पडतात, ती कुस्ती चालू असेपर्यंतच.

आज नवा संगणक जोडून घेणाऱ्यापुढे दोन रास्त वाटा दिसतात. एक, आय-थ्री-१२१०० आणि त्यासोबत एच-६१० जातीचा साधा मदरबोर्ड. मात्र तो डीडीआर-४ रॅमचा आहे की डीडीआर-५ चा, हे आधी विचारून घ्यावे, कारण हा प्रोसेसर दोन्हींवर चालतो आणि बोर्ड एकावरच. दुसरी, रायझन-५-५६००-जी आणि ए-५२० बोर्ड. ह्यात सहा गाभे मिळतात आणि अंगचे ग्राफिक्सही इंटेलपेक्षा सरस आहे. मुलाला अधूनमधून साधे खेळ खेळावयाचे असतील, तर हीच वाट बरी. ते ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन्ही प्रोसेसर ६०-६५ वॉटच्या गटातले आहेत. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसले की साधा, पण चांगल्या प्रतीचा एसएमपीएस पुरतो आणि वीज गेल्यावर लहान यूपीएसही काम सावरून धरतो. खोक्यातला, म्हणजे कंपनीच्या हमीचा प्रोसेसर घ्यावा. ‘ट्रे’तला सुटा माल दोन पैसे स्वस्त असतो, पण त्यासोबत पंखा बहुधा नसतो आणि हमी दुकानदाराच्या शब्दापुरती असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा फरक गिऱ्हाईकाला माहीत असतो. तालुक्याला तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

ह्या हिशेबाला २०२५ च्या अखेरीस एक वेगळाच धक्का बसला. रॅमची चिप बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या विदाकेंद्रांची मागणी त्यांना इतकी फायदेशीर वाटू लागली की घरगुती रॅमचा पुरवठा आटला आणि भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ ह्या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. प्रोसेसरमध्ये वाचविलेला पैसा रॅमकडे वळवावा, असे वर म्हटले. आता तो तिकडे वळविल्यावाचून गत्यंतरच नाही. महासागरापलीकडच्या विदाकेंद्रासाठी पाथरीच्या किंवा चंदगडच्या मुलीने आपली रॅम निम्मी करावी, असा हा सौदा आहे आणि तिला कोणी विचारलेलेही नाही.

म्हणूनच वापरलेल्या संगणकांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मोठ्या कचेऱ्या तीन-चार वर्षांनी आपले संगणक काढून टाकतात. ते साफसूफ होऊन पुन्हा बाजारात येतात. त्यांत २०१८ चा सहा गाभ्यांचा आय-फाइव्ह-८५०० हाती लागला, तर बेताच्या पैशांत ह्याहून चांगला सौदा क्वचितच मिळेल. त्याच्या मागच्या पिढ्यांचे, आय-फाइव्ह-६५०० किंवा ७५०० सारखे, संगणक तर आणखी स्वस्त झाले आहेत. कारण ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज-११ ने इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडल्यास, अधिकृत यादीतून वगळले. २०१७ साली विकत घेतलेला, धडधाकट चालणारा प्रोसेसर चार वर्षांत ‘अपात्र’ ठरला. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा नियमित आधारही संपला आणि वैयक्तिक ग्राहकांसाठी एक वर्षाची वाढीव मुदत तेवढी जाहीर झाली. ह्यामागे सुरक्षिततेची काही कारणे दिली गेली आणि ती अगदीच पोकळ नाहीत. तरीही जे यंत्र काल हिशेब करीत होते ते आज भंगारात जाते, ते सिलिकॉन झिजल्यामुळे नव्हे, हे विसरून चालणार नाही. ह्या यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते. युनिकोड मराठी, लिब्रे-ऑफिस, फायरफॉक्स आणि पायथन ह्यांतले काहीही त्यासाठी विकत घ्यावे लागत नाही. कॉलेजने किंवा नोकरीने एखादा खास विंडोजचाच कार्यक्रम लादला असेल तेवढी अडचण खरी. आणि ती जाणून मगच हा मार्ग धरावा.

केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग फार पूर्वी धरला. तेथील शालेय तंत्रज्ञान प्रकल्पाने मुक्त प्रणालीवर आपली स्वतःची आवृत्ती बांधली, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले आणि मल्याळम भाषेतला व्यवहार तिच्यावर आणला. आपल्याकडे मात्र शाळेसाठी, ग्रंथालयासाठी वा पंचायतीसाठी संगणक घ्यावयाचे म्हणजे निविदेत ‘आय-फाइव्ह किंवा त्याहून वरचा’ एवढे लिहिले की कर्तव्य संपले, असा प्रकार पुष्कळदा आढळतो. काम कोणते, किती वर्षे वापरावयाचे, रॅम पुढे वाढविता येईल काय, दुरुस्ती गावात होईल काय, ह्यांतला एकही प्रश्न त्या ओळीत नाही. एका उत्पादकाच्या नाममुद्रेने सार्वजनिक खरेदीची अट लिहिणे हे मुळातच गैर. शिवाय ज्या रकमेत सोळा मुलांना यंत्रे मिळाली असती, तीत दहांनाच मिळतात. उरलेली सहा मुले पाळी लावून पाठीमागे उभी राहतात.

स्वदेशी प्रोसेसरचा विषय ह्या संदर्भात निघतोच. मोहालीचा सरकारी सेमीकंडक्टर कारखाना १९८४ मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी १९८९ च्या आगीत जळाला. त्यातून सावरण्यास देशाने फार वेळ घेतला. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे खुल्या आज्ञासंचावर बांधलेले प्रोसेसर ही आता मोलाची कामगिरी आहे, परंतु घरच्या डेस्कटॉपसाठी ते दुकानात मिळत नाहीत. तोवर त्या दोन घराण्यांच्या मालातूनच निवड करावी लागणार.

ती करताना दुकानदाराने कोटेशनावर नुसते ‘आय-थ्री प्रोसेसर’ लिहून दिले असेल, तर त्याच्यापुढे पूर्ण क्रमांक आणि शेवटचे अक्षर लिहून मागावे. बोर्डाचे नाव, रॅमची जात आणि पट्ट्यांची संख्या, एसएसडीची क्षमता, हमी कंपनीची की दुकानाची, आणि १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. कागद घडी करून खिशात घालावा आणि दुसऱ्या दुकानात जाऊन तोच क्रमांक तोंडी विचारावा.